एकाच वजनाची चार मुलं

खून, दरोडे पुष्कळ हाताळले. पण कुठली केस अजून मनातून जात नाही असं कुणी विचारलं, तर मी घोडपदेवच्या दुधाच्या भुकटीची सांगतो. ऐकणारे हसतात. हसू देत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. पोलीस ठाण्यातली निम्मीअधिक माणसं मोर्च्यांच्या बंदोबस्ताला जात. मी नवा सब-इन्स्पेक्टर, म्हणून किरकोळ अर्ज माझ्या टेबलावर येत. एका सकाळी जवळच्या धर्मादाय दवाखान्याचा कंपाउंडर अर्ज घेऊन आला. तिथे ठरावीक वजनाखालच्या अशक्त मुलांना कार्डावर दर आठवड्याला दुधाची भुकटी मिळे. वजन त्या रेषेच्या वर गेलं की कार्ड बंद.

"साहेब, चार कार्डांत काहीतरी गडबड आहे," तो म्हणाला. "दोन मुलगे, दोन मुली. आया वेगळ्या, नावं वेगळी. पण चौघांची वजनं एकदमच वाढतात आणि एकदमच उतरतात."

मला गंमत वाटली. चार घरांतली चार मुलं ठरवून बारीक होतात की काय? आमचे हवालदार मुरलेले. ते म्हणाले, "साहेब, भुकटी चहावाल्याकडे जात असणार. पैज लावा." आसपासची सगळी हॉटेलं पाहिली. भुकटी कुठेच नव्हती. हवालदार पैज हरले आणि माझं कुतूहल वाढलं.

पुढच्या वाटपाच्या दिवशी मी साध्या कपड्यांत दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो. सकाळी एका बाईने झबल्यातली मुलगी आणली. हातापायांच्या काड्या, नाकात चमकी. दुपारी दुसरी बाई टोपी घातलेला मुलगा घेऊन आली. चमकी नव्हती, पण नाकपुडीला भोक होतं.

ते भोक मी लगेच ओळखलं, कारण तसंच माझ्याही नाकाला आहे. घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाक टोचायचं. मुलगी समजून काळ त्याला सोडून जातो, ही आपल्याकडची जुनी समजूत. माझ्या आईनेही तेच केलं होतं. इथे चमकी घातली की मुलगी, काढली की मुलगा. चार कार्डांवर एकच पोर फिरत होतं.

छडा लागला म्हणून मी खूश झालो. पण पाठोपाठ एक वाईट शंका मनात आली. हे पोर सुधारलं तर चारही कार्डं जाणार. मग त्याला मुद्दाम उपाशी तर ठेवत नसतील?

हवालदारांना घेऊन मी दुपारच्या त्या बाईच्या मागोमाग चाळीत गेलो. खाकी दिसताच दारं लागली. त्या दिवसांत आम्हाला तिथे पाणी कोण विचारणार? एक म्हातारी गॅलरीतूनच म्हणाली, "मोर्च्यात आमच्या मान्सांवर लाठ्या चालवता, आन् आता पोरांचं दूध हुंगाय आलाय व्हय?"

पोर जिच्या कडेवर झेपावलं ती त्याची खरी आई, एका गिरणी कामगाराची बायको. मी तिला दटावून विचारलं, "कार्डं टिकावीत म्हणून याला उपाशी ठेवतेस का?"

ती अशी चवताळली की हवालदार दोन पावलं मागे सरले. "दोन लेकरं मातीत घातली म्या, सायेब! ह्याला उपाशी ठिवीन? चार कार्डांचं दूध एका पातेल्यात कालवतो. पयली वाटी ह्याची, मग ह्या तिघींच्या पोरांची."

बाकीच्या तिघी आपापली पोरं घेऊन पुढे आल्या. तिन्ही पोरांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमची पोरं काट्यावर पावशेरानं जादा भरली, म्हनून कार्ड न्हाई. मग त्यांच्या नावानं ह्यालाच काट्यावर ठिवलं. आमच्या पोरांना भूक लागत न्हाई का?"

फसवणुकीचं कलम मला तोंडपाठ होतं. तरी मी वही मिटून खिशात घातली.

मी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. गिरगावातल्या ख्रिस्ती घरातल्या त्या, शिस्तीच्या कडक. "चौघांनाही घेऊन या," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाक टोचलेल्या पोराला आधी काट्यावर ठेवलं. ते रेषेच्या वर गेलं होतं. दूध अंगी लागत होतं!

"सुधारलं बाळ!" बाई आनंदाने म्हणाल्या. आई मात्र रडू लागली.

"म्हंजी आता ह्याला पुन्ना वाळू द्याचं का, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बाकीच्या तिघांनाही एकेक करून काट्यावर ठेवलं. मग पेन उचलून त्यांनी चार नावांची चार कार्डं केली, चारही वजनं रेषेच्या किंचित खाली लिहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी टोपी घातली आणि ठाण्यावर परत आलो.

अर्जावर मी 'तथ्य आढळले नाही' असा शेरा मारला. तो खोटा होता आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती चाळीत विचारलेल्या प्रश्नाची. पोराला उपाशी कोण ठेवतं हे शोधत मी थेट त्याच्या आईच्या दारात गेलो, कारण पत्ता तेवढा तिचाच माझ्याकडे होता.