हवा मोजायच्या काट्याची पसंती

लेकीला उमरेडला नोकरी लागली आणि रोज मोटरसायकलनेच जाणार, असं तिने जाहीर केलं. मे महिन्यातला तापलेला रस्ता आणि माझी एकुलती एक लेक! अंगठ्याने टायर दाबून हवा जोखायची माझी विद्या मलाच पुरेशी वाटेना.

जरीपटका वस्तीतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानासमोर सावलीत गाडी थंड होऊ दिली आणि हवा मोजायची दोन यंत्रं मागवली. एक चकचकीत, आकडे उजळणारं. दुसरं साधं, काट्याचं. एकाच टायरला मी दोन्ही आळीपाळीने लावत राहिलो. चकचकीत दर वेळी नवाच आकडा सांगे. काटा मात्र पुन्हा तिथेच येऊन थांबे.

"बाबा, हवा मोजून राहिले की माझ्यासाठी पोरगा पाहून राहिले?" लेक वैतागली.

"पोरगाही असाच पाहावा लागते," मी छाती काढून म्हणालो. "तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. उत्तर बदललं, की चहा पाजून रवाना!"

काटा घरी आला. आता ऊन चढायच्या आत लेक स्वतः हवा मोजते आणि अंगणातून आकडा ओरडून सांगते. मी पेपराआडून "पसंत आहे!" म्हणतो, तेव्हाच ती गाडी सुरू करते.