उकंडरावांची पाठ

जळगाव जामोदच्या बाजार समितीत दीपक हमाली करतो. हमाल असून पाठ ताठ, मान सरळ. ही कमाई त्याची नव्हे, बापाची. उकंडरावांनी उभी हयात क्विंटलाची पोती वाहिली, आणि हमालांच्या संघटनेतून भांडभांड भांडून त्या पोत्याचा पन्नास किलोचा कट्टा करून घेतला. त्यांच्या कण्याची मात्र तोवर पार कमान झाली. आता खाटेवर कुशीवरच पडून असतात. उताणं निजणं काही नशिबात उरलं नाही.

यंदा सोयाबीनच्या हंगामात एका अडत्यानं पुन्हा क्विंटलाची पोती भरली. उचला, नाहीतर बाहेरची माणसं आणतो, म्हणाला मेला. संघटना आता नावापुरती. दीपकच्या बायकोचे, छकुलीचे, दिवस भरत आलेले. काम गेलं तर खायचं काय? दीपक मुकाट पोत्याखाली गेला. उकंडरावांचा पोरगाच उचलतो म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतील?

घरी त्यानं ही गोष्ट लपवली. पण बसताना आधी जमिनीला हात टेकवला. क्विंटल वाहणारा असाच बसतो, हे त्या म्हाताऱ्याला कुणी सांगावं! आता शिव्यांचा पाऊस पडणार, असं छकुलीला वाटलं. उकंडराव रडायलाच लागले.

"मले यार्डात ने," एवढंच म्हणाले.

सकाळी दीपकनं बापाला पाठीवर घेतलं. अंगात उरलंय काय म्हाताऱ्याच्या? पन्नास किलोही भरला नसता. अडत्याच्या गोदामाच्या दारात उतरल्यावर उकंडरावांनी सदरा काढायला लावला. ती वाकडी पाठ सगळ्या हमालांपुढं उघडी पडली. भाषण नाही, घोषणा नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या दयारामनं अंगावरचं पोतं खाली टाकलं, मग एकेकानं टाकलं.

अडत्यानं तिथंच फोन लावला आणि बाहेरची माणसं मागवली.

 दीपक बापाला सदरा घालायला लागला.

"बा, माही पाठ तुह्यामुळं सरळ हाये," तो म्हणाला. "हे उपकार मी जलमभर इसरनार नाही. पन आता खाऊ काय?"

 फाटकाशी गाडीचा आवाज आला, तसा उकंडरावांनी सदरा बाजूला सारला.

"मले इथंच राहू दे. येनाऱ्याईलेबी पाहू दे."