रिकाम्या पोटाचा केंड

जाळी टाकणाऱ्या त्या माणसाला धक्क्यावर सगळे केंड म्हणायचे. खरं तर केंड मासा त्याचा जन्माचा वैरी. अंगावर खवलं नाहीत, पोहण्याचा वेगही बेताचाच; पण चार दातांची चोच अशी, की खेकड्याचं कवच कटकन फोडावं आणि नव्या कोऱ्या जाळ्याला भगदाड पाडावं. धरायला गेलं की पाणी गिळून टम्म फुगायचं. हा बाबाही तसाच. भाजीत मीठ कमी पडलं तरी फुगायचा, मग दोन-दोन दिवस बायकोशी बोलायचा नाही. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

थंडी सरली की केंड खाडीच्या तोंडाशी येतात आणि उथळ पाण्यात, गवताळ चिखलावर अंडी घालतात. त्या दिवसांत त्यांच्या अंड्यांत, कलेजीत जहर ठासून भरलेलं असतं. बायको तो मासा घरात येऊ द्यायची नाही. याच्याकडे मात्र बापाचा नियम होता: पोटात अंडी नसली की केंड बिनधास्त खावा.

त्या दिवशी जाळ्यात सपाट पोटाची मादी आली. बायको म्हणाली, "अहो, टाकून द्या ना. जिवाशी कसले खेळ?"

"आता तू मला मासे शिकवणार?"

त्याने ती स्वतः सोलली, शिजवली आणि एकट्याने खाल्ली. मादी नुकतीच अंडी घालून आली होती, म्हणून पोट रिकामं होतं. जहर तिच्या अंगातच होतं. एवढी साधी गोष्ट बापाच्याही डोक्यात आली नव्हती.

आधी ओठ बधिरले, मग जीभ, मग हातपाय. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबत आला. घशात नळी घालून यंत्र लावलं. पापणीसुद्धा हलेना, तेव्हा घरचे धरूनच चालले, की शुद्ध गेली. या जहराची हीच तर हरामखोरी: अंग मेल्यासारखं होतं, कान जागे राहतात.

धाकटा भाऊ उशाशी उभा राहून होडीच्या इंजिनाचं काय करायचं ते बोलला. ते त्याने एक वेळ सोसलं. मग बायको आपल्या बहिणीशी बोलायला लागली, भाजी निवडताना बोलावं तशी.

"खोटं कशाला बोलू, ताई? काल घरात एकटी झोपले. लग्नानंतर इतकी शांत झोप पहिल्यांदा लागली. हे उठलेच नाहीत तर बरं, असं मनात येतंय."

"गप. कुणी ऐकेल."

"कोण ऐकणार?"

त्याला फुगायचं होतं, खाट उलथवायची होती. डोळ्यांतून पाणी तेवढं आलं. ते तिनेच पदराने पुसलं, फार हळू.

जहर उतरलं, नळी निघाली. बायको पेला घेऊन जवळ आली. डोळे सुजले होते, म्हणजे रडलीही असणार. कशासाठी, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

"पाणी देऊ का?" तिने विचारलं.

"मला काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

तिने पेला खाली ठेवला.