साखराबाईची माती

आष्टी तालुक्यातल्या त्या गावात दसरा झाला की ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात आणि गाव म्हाताऱ्यांच्या ताब्यात येतं. चर्चचंही तसंच. उन्हाळ्यात सतरंज्या पुरत नाहीत आणि जानेवारीत रविवारच्या उपासनेला मोजून अकरा माणसं, त्यातल्या चौघांना ऐकू येत नाही. मग चर्चची ही मंडळी चालवतं कोण? पाळकसाहेबांना विचारा, तेही स्वतःचं नाव सांगणार नाहीत. ते सज्जन आहेत, पण महिन्यातून दोनदा आष्टीहून मोटारसायकलवर येतात. मंडळी चालवते सत्यशीला पाटोळे.

वय एकसष्ट, शिक्षण चौथी, तोंडानं फटकळ. चर्चची किल्ली, घंटा आणि झाडू ही तिच्याकडची खाती. पण कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गेले की तिचं खरं काम सुरू होतं. सकाळी घंटेच्या ओट्यावर उभी राहून ती गावावर नजर फिरवते आणि कुणाच्या घरातून धूर निघाला नाही ते बघते. गॅस आला तरी म्हाताऱ्यांची चूल सुटलेली नाही. धूर नाही दिसला की बाई त्या दाराची कडी वाजवायला हजर. आत गेल्यावर आधी शिव्या, मग चहा. घर ख्रिस्ती माणसाचं की हिंदूचं, हे धुरावरून कळत नाही आणि तिनंही ते कधी बघितलं नाही.

अशाच एका सकाळी साखराबाईच्या घरातून धूर निघाला नाही. साखराबाई चौऱ्याऐंशीची, मंडळीतली सगळ्यात जुनी. अंगात पाणी होऊन महिनाभर सुजली होती. सत्यशीला गेली तेव्हा ती गार पडलेली. एकुलता एक मुलगा सटवा, बायकोसकट तिकडं सांगलीच्या बाजूला फडावर. फोनवर तो एवढंच म्हणाला.

"मावशे, मी येईस्तवर माती देऊ नको."

"न्हाई देत. पर दिवस मावळायच्या आत ये. शरीर ठिवण्यासारखं न्हाई, बाळा."

शब्द देऊन बसली खरी, पण खड्डा खणायचा कुणी? मंडळीचा रिवाज आहे की आपल्या माणसाचा खड्डा आपणच खणायचा. मजूर लावायचा नाही आणि ज्याच्या घरचं दुःख, त्यानं खोऱ्याला हात लावायचा नाही. रिवाज चांगलाच आहे, पण तो पडला तेव्हा गावात तरणी माणसं बाराही महिने असत. आता मंडळीतला सगळ्यात धडधाकट पुरुष म्हणजे सत्तरीतला, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेला.

अर्जुनरावांच्या कानावर गेलं. हे गावातले मोठे जमीनदार, पूर्वीचे सरपंच. त्यांच्या शेततळ्यावर जेसीबी चालू होती. ते स्वतः आले, मशीन रस्त्याला उभी करून.

"अर्ध्या तासात उरकतो. पैशाचं बोलू नको."

"मशीन न्हाई," सत्यशीला म्हणाली.

"कावून?"

"आमच्यात चालत न्हाई."

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा नवरा भागवत करोनाच्या साथीत गेला. प्लास्टिकचे कपडे घातलेली चार माणसं आली, जेसीबीनं खड्डा केला, जेसीबीनंच लोटला. दोष कुणाचाच नव्हता, तेव्हा सगळ्यांसाठी तोच कायदा होता. पण ही शंभर हातांवर बाभळीखाली उभी होती आणि तिच्या माणसावर तिच्या डोळ्यांदेखत मशीनच्या बादलीनं माती पडत होती. तो आवाज तिच्या कानातून अजून गेलेला नाही. साखराबाईवर तो आवाज होऊ द्यायचा नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

मग पाच बायका आणि दोन म्हातारे कामाला लागले. पदर खोचले, टिकाव घेतले. वरची हातभर काळी माती सहज निघाली. खाली मुरूम लागला. दुपारी बारापर्यंत गुडघाभर झालं. एकजण खणी, दोघी घमेली उपसत, बाकीच्या दम खात आणि साखराबाईच्या खोड्या आठवून हसत. म्हातारी उपासनेत मोठ्यानं घोरायची आणि जागं केलं की "मी प्रार्थना करत होते" म्हणायची. सत्यशीला सगळ्यांत जास्त वेळ खड्ड्यात होती. तळहातांचे फोड फुटले तेव्हा तिनं पदराच्या चिंध्या काढून बांधल्या.

तीन वाजता कंबरेइतकं झालं आणि कातळ लागला. टिकाव नुसता वाजायचा. अर्जुनराव पुन्हा आले.

"हट्ट सोड आता. पोरगं रस्त्यात हाय. दिवस मावळला तर काय तोंड दाखवशील त्याला?"

सत्यशीला ढिगाऱ्यावर बसली. हा हट्ट साखराबाईसाठी, की आपल्याच उरातल्या गोष्टीसाठी, हे तिचं तिलाच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या बोलण्याची लाज वाटली.

"बोलवा मशीन," ती म्हणाली. मग न राहवून पुढं बोलली, "भागवतच्या वेळचं बघितलंय मी. दुसऱ्यांदा बघवायचं न्हाई, म्हणून म्हणत हुते."

भागवतनं अर्जुनरावांच्या विहिरीवर बारा वर्षं काम केलं होतं.

"मी बी लांबच उभा हुतो त्या दिवशी," ते म्हणाले. मग वळून जेसीबीच्या ड्रायव्हरला हाक मारली. "मशीन बंद कर अन् खाली ये बे. पहार घे."

त्या गड्यानं आयुष्यात पहार धरली नसावी. पण खांद्यांत दम होता. अर्जुनरावांनी सदरा काढून बाभळीवर टाकला आणि स्वतः छिन्नी धरून बसले. पारावरचे तिघे हिंदू म्हातारे, इतका वेळ लांबून बघत होते, ते न बोलावता आले. कातळाच्या कपच्या सुटत सुटत सव्वापाचला खड्डा छातीइतका झाला.

साडेपाचला जीप आली. सटवा अंगावर उसाची काजळी तशीच घेऊन उतरला. त्यानं आईकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं, मग त्या बायकांच्या चिंध्या बांधलेल्या हातांकडं. सत्यशीलाच्या पायाशी बसून तो पोरासारखा रडला. निरोप मिळताच आष्टीहून आलेल्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पेटी सावकाश उतरवली. सटवानं पहिली मूठ टाकली आणि मग प्रत्येकानं, ड्रायव्हरनंसुद्धा. हातानं टाकलेली माती जवळजवळ वाजतच नाही. सत्यशीलाला ते ऐकून बरं वाटलं. डोंगराआड दिवस गेला तेव्हा माती सारखी करून झाली होती.

परतताना अर्जुनराव तिच्या बरोबरीनं चालत होते, कंबर धरून.

"सत्यशीला, तुह्या वक्ताला मी येईन खणायला."

"तुमी माझ्यापेक्षा धा वर्सांनी मोठे हाव."

"मग माझ्या वक्ताला तू ये."

"तुमाला तर जाळत्यात. मी येऊन काय खणू?"

"सरपण घेऊन ये." ते थांबले. "दोन्ही पोरं पुण्यात हायेत. गावात कोण असंल काय ठाव."

सत्यशीलानं त्यांच्याकडं नीट बघितलं. एवढी जमीन, एवढा बारदाना, आणि हा माणूस आतून भ्यालेला.

"तुमच्यात बाया जात न्हाईत मसणात."

"आज हितं कोण हुतं मग?"

तिनं तळहातावरची सुटलेली चिंधी घट्ट बांधली. मग म्हणाली, "येईन."

अर्जुनराव कंबरेवरचा हात काढून सरळ चालायला लागले.