कुंकवाची चाचणी

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा संच, सगळ्यांना झेंडूची माळ आणि हळदीकुंकू. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा छोटा कारखाना. पूर्वी इथं फवारणी पंपाचे सुटे भाग बनायचे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना प्रशिक्षणासाठी आले, तेव्हा मालकांनी नवीनच काम अंगावर घेतलं होतं. जिथं रस्ता नाही अशा डोंगरावरच्या लष्करी चौक्यांना औषधं आणि शिधा पोचवणारं ड्रोन. लष्करासाठी काही नवं शोधणाऱ्या लहान उद्योगांना संधी देणारी एक योजना होती, तिच्यात आमची निवड झाली होती. चाचणी पार पडली तरच पुढचं काम मिळणार होतं.

त्या वर्षी पूजेचा मान माझ्या वडिलांना मिळाला. ते पायदळातून निवृत्त झालेले. आता मेढ्याजवळच्या आमच्या गावी भातशेती करतात. आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, हुद्दा काही का असेना. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे असेल, कारखान्यात मी फार बोलत नसे. वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढं गेलेला असे. पण त्या दिवशी आमच्या घरातलं काहीतरी इथं उपयोगाचं आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं.

"मेजर, हे तुमच्याच हातनं होऊ दे," मालक म्हणाले.

वडिलांनी कुंकू पाण्यात कालवलं, अंगठा बुडवला आणि ड्रोनच्या पुढच्या तोंडावर, माणसाचं कपाळ असतं तिथं, ठसठशीत टिळा ओढला. "जा बाबा," ते ड्रोनला म्हणाले, "वर पोरं वाट बघत्यात."

दसऱ्यानंतर लगेच चाचणी होती. पूजेनंतरचं पहिलं उड्डाण तिथंच करायचं, असं सगळ्यांच्या मनात होतं. निघताना आम्ही झेंडूची माळ काढली, अक्षता झटकल्या. टिळा मात्र कुणी पुसला नाही. पूजेचा टिळा आपण पुसत नाही, तो आपोआप जाऊ देतो. हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

चाचणी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका माळावर होती. वडीलही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. ड्रोन उडालं, ठरलेल्या उंचीवर गेलं आणि थांबलंच नाही. वर, आणखी वर. उडवणारा सहकारी खाली आणायची बटणं दाबत होता. शेजारी मेंढरं घेऊन थांबलेले एक म्हातारे कपाळावर हात धरून बघत होते.

"आवं, घार झाली तरी खाली येती," ते म्हणाले. "तुमचं काय रुसलंय का?"

शेवटी सहकाऱ्यानं स्वयंचलित यंत्रणा बंद करून ते कसंबसं उतरवलं. ते डाळिंबाच्या बागेत आदळलं आणि त्याचे दोन पंखे मोडले. तपासणी पथकाचे प्रमुख वाकून बघत होते. त्यांनी नखानं तो लाल टिळा खरवडला.

उंची कळायला ड्रोन हवेचा दाब मोजतं. बाहेरची हवा आत यावी म्हणून पुढच्या बाजूला आम्ही एक बारीक छिद्र ठेवलं होतं. वाळलेल्या कुंकवानं ते बुजलं होतं. आतली हवा जमिनीवर होती तशीच राहिली. यंत्र आभाळात होतं आणि स्वतःला जमिनीवरच समजत होतं.

"सीमेवर पाठवताना सोबत भटजी पण देणार का?" प्रमुख म्हणाले. त्यांच्यातले दोघं हसले. वडिलांनी अंगठा मुठीत दुमडून घेतला. मी ते पाहिलं आणि मोडलेले पंखे उचलायला वाकले.

परत येताना गाडीत त्यांनी एकदाच विचारलं, "माझ्यामुळं झालं व्हय गं?"

"नाही हो आप्पा."

त्यांनी ते ऐकलं, पण मानलं नाही. एरवी साताऱ्याला आले की ते कारखान्यात डोकवायचे. तेही बंद झालं. गावात कुणी "मेजर, लेकीचं इमान कुठवर आलं?" असं विचारेल म्हणून पारावरून जायचं टाळायचे, असं आईनं फोनवर सांगितलं.

कारखान्यात बैठक झाली. पुन्हा एक संधी मागायची होती. पत्रात कारण काय लिहायचं, तर 'मानवी चूक'. आणि भिंतीवर पाटी लावायची: ड्रोन पूजेत ठेवू नये. सगळ्यांना ते पटलं होतं. मालक पेन उघडत होते.

"सर, मला वाटतं..." मी म्हणाले आणि अडकले. मग म्हटलं, आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही. "चूक छिद्राची आहे."

"टिळा लावला नसता तर नीट उडालं असतं की नाही?" मालकांनी विचारलं.

"इथं उडालं असतं. तिथं चिखल लागला असता, बर्फ लागला असता. चिमूटभर कुंकवानं जे बुजतं, ते कशानंही बुजेल."

"अगं, पण पूजा टाळता येते ना?"

"कोण टाळणार सर? आमच्या घरात आप्पांच्या पलटणीचा दसऱ्याचा फोटो आहे. बंदुका ओळीनं मांडलेल्या, एकेकीला टिळा. आपलं यंत्र याच माणसांकडं जाणार आहे. ते पहिल्या दसऱ्याला कुंकू लावणार. आपण तिथं पाटी घेऊन उभं राहायचं का?"

माझा आवाज चढला होता. मालकांनी पेनचं टोपण परत लावलं. "बरं. मग छिद्र सुधार. ते जमेपर्यंत मी पत्र पाठवत नाही."

सुधारणं सोपं नव्हतं. छिद्र खाली नेलं, तर उतरताना धूळ आत गेली. जाळी लावली, तर पाण्याचा थेंब तिच्यात अडकून बसला. शेवटी तीन बाजूंना तीन तोंडं ठेवली आणि प्रत्येकाच्या आत हवा सोडणारा, पाणी अडवणारा पातळ पडदा बसवला. एक बुजलं, तरी बाकीची हवा घेतात. मी त्यावर शेतातला चिखल थापला, फ्रीजमधला बर्फ खरवडून भरला, भिजवलेलं पीठसुद्धा लावलं. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या, तू ड्रोन बनवतेस की स्वयंपाक करतेस? दोन्ही, मी सांगायचे.

मग मालकांनी पत्र पाठवलं आणि आणखी एक संधी मिळाली. दुसऱ्या चाचणीला तोच माळ होता, तेच प्रमुख. मी वडिलांना हट्टानं आणलं होतं. ते लांब, गाडीपाशी उभे होते. मी आईचा कुंकवाचा करंडा पिशवीतून काढला.

"आप्पा, या की. टिळा लावा."

"खुळी हाईस का? परत?"

"मागल्या खेपेला लावला होता, तिथंच. चांगला जाड."

"हे कशासाठी?" प्रमुखांनी विचारलं.

या वेळी उत्तर तयार होतं. "सर, भटजी देणार नाही. पण कुंकू लावणारी माणसं तिथं आहेतच. त्यांच्या हातात हे बंद पडणार नाही, तेवढं दाखवायचंय."

वडील आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग प्रमुखांकडं. अंगठा बुडवला आणि पुढचं तोंड पार भरून टाकलं. कुंकू खाली ओघळलं.

ते वाळेपर्यंत आम्ही उन्हात थांबलो. मग ड्रोन उडालं, ठरलेल्या उंचीवर गेलं आणि तिथंच थांबून राहिलं. माळावर वारा होता, तरी हललं नाही. पलीकडच्या टेकाडावर औषधांची पेटी सोडून ते परत आलं आणि आखलेल्या चौकोनात उतरलं. कपाळ लालच होतं.

वडील जवळ गेले. मालकांना हळूच म्हणाले, "आता नारळबी फोडून बघायचा का ह्याच्यावर?"

"मेजर, तेवढं नका," मालक म्हणाले, आणि या वेळी वडीलही हसले.

अहवाल मी लिहिला. धुळीची चाचणी, पाण्याची चाचणी, बर्फाची चाचणी, आणि त्याखाली कुंकवाची चाचणी. पथकाकडून फोन आला, बाकी ठीक आहे, पण तेवढं नाव बदला, नुसतं 'बाह्य पदार्थ' असं लिहा.

मी विचार करून सांगते म्हणाले. केला. मग फोन लावून सांगितलं, जे लावलं होतं तेच लिहिलंय, नाव तेच राहील.