फुकटचं अपग्रेड

रिसेप्शनवरची मुलगी माझ्या गिऱ्हाइकाकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "सर, आपके लिए गुड न्यूज है!" मी लगेच सावध झाले.

मी गोंदियात ट्रॅव्हल एजन्सी चालवते. बरीच वर्षं झाली. या धंद्यात एक गोष्ट शिकले. हॉटेलवाला आपणहून गुड न्यूज देऊ लागला की समजावं, मागे काहीतरी गडबड झाली आहे.

"हमने आपको कॉम्प्लिमेंटरी अपग्रेड किया है. सेवंथ फ्लोअर, एक्झिक्युटिव्ह सूट." तिने सोनेरी पाकिटातलं, खोली उघडायचं कार्ड डिलेशच्या हातात दिलं. डिलेश म्हणजे टेंभरे घराण्यातला धाकटा मुलगा. थोरला, रेवाराम, दोन पावलांवर उभा होता. त्याने हातातला वेलकम ड्रिंकचा ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला. प्यायला नव्हता.

"आमची?" त्याने विचारलं.

"सर, आपका डीलक्स रूम है. फोर्थ फ्लोअर."

रेवारामने खाली ठेवलेली बॅग उचलली. "चला," तो बायकोला म्हणाला. "आपन वापस जाऊन राहिलो."

झालं! महिनाभराची माझी मेहनत त्या चकचकीत लॉबीत पाण्यात गेली, असं मला वाटलं.

कोणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवर माणूस एवढा का चिडला? म्हणून थोडं मागे जाते.

ही सहल ठरवली होती यमुनाबाईंनी. म्हणजे या दोघांच्या आईने. चोरखमारा गावाकडचं हे पोवार घराणं, धानाची शेती चांगली. नवरा गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, आणि तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. थोरला गावातच राहिला. धाकट्याने गोंदियात तांदळाचा व्यापार टाकला आणि शहराला लागून मुर्रीला घर बांधलं. म्हातारी कधी इकडे, कधी तिकडे. थोरल्याकडे असली की धाकटा यायचा नाही. धाकट्याकडे असली की थोरला तिकडे फिरकायचा नाही.

एक दिवस बाई माझ्या ऑफिसात येऊन बसल्या. म्हणाल्या, "पोरी, मोठ्या शहरातलं भारीतलं भारी हॉटेल पाह्य. दोघंही पोट्टे, सुना, नातवंडं, सारे संग."

मी म्हटलं, "बाई, हॉटेल कायले? तुम्ही धारला जाऊन देवीचं दर्शन घ्या. जवळच एखादी चांगली धर्मशाळा बघते."

"दर्शन तं घ्यायचंच आहे. आमचे बापजादे माळव्यातून आले, धारचं नाव काढलं की दोघातला एकही नाही म्हणनार नाही. पन राहाचं हॉटेलात."

"काऊन?"

"थोरल्याच्या घरी धाकटा पाय ठेवत नाही. धाकट्याच्या घरी थोरला. हॉटेल कोनाचंच घर नाही नं वं. तिथे कोनी यजमान नाही अन् कोनी पाहुना नाही. दोघंही माह्या डाव्या-उजव्या हाताले बसून जेवले पाहिजे. मेल्यावर तं बसतीलच बाजूबाजूले. मले जित्तेपनी पाहाचं आहे."

एरवी मी रडणारी बाई नाही. पण डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला कॉम्प्युटर सुरू केला.

मग सुरू झाला खरा ताप. दोघे भाऊ मला वेगवेगळे फोन करत. डिलेश म्हणे, "मॅडम, दादाच्या रूमपेक्षा माझी कमी नको." रेवाराम म्हणे, "तो कोनती घेऊन राहिला? तशीच मले. कमी नाही अन् जास्तही नाही." अहो, हॉटेल निवडतेय की शेतीची मोजणी करतेय, तेच मला कळेनासं झालं.

धारच्या जवळचं मोठं शहर म्हणजे इंदूर. तिथली तीन हॉटेलं माझ्यासमोर होती. पहिलं जुन्या हवेलीसारखं, फार देखणं. पण तिथली एक खोली दुसरीसारखी नाही. एकीत झरोका, दुसरीत नाही. लगेच काटलं. दुसऱ्यात अर्ध्या खिडक्या स्विमिंग पूलकडे, अर्ध्या रस्त्याकडे. तेही काटलं. तिसरं नवं होतं, बिझनेसवाल्यांचं. तिथली प्रत्येक डीलक्स रूम सारखी. पलंग तोच, पडदे तेच, भिंतीवरचं चित्रसुद्धा तेच. एरवी मी असल्या हॉटेलला नाक मुरडते. या वेळी हात जोडले.

बाईंची एक अट राहिली होती. त्यांची खोली मधे हवी, दोन्हीकडे दारं उघडणारी. आमच्या धंद्यात त्याला 'कनेक्टिंग रूम' म्हणतात. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दार असतं, बाहेर पॅसेजमध्ये यायची गरज पडत नाही. पण लक्षात ठेवा, कनेक्टिंग रूम ही नेहमी 'रिक्वेस्ट' असते. म्हणजे हॉटेल प्रयत्न करतं, हमी देत नाही. मी रोज फोन करून करून त्यांच्या मॅनेजरला वैताग आणला, आणि चौथ्या मजल्यावरच्या ओळीने तीन रूम मेलवर पक्क्या करून घेतल्या.

निघायच्या आधी बाई म्हणाल्या, "तू बी चाल. वाटनीत एक तिसरा मानूस लागते." म्हणून मीही गेले. माझी सोय जवळच्या साध्या लॉजवर केली.

आता परत लॉबीत या.

मी काउंटरवर गेले. "मेलमध्ये तीन कनेक्टिंग रूम होत्या ना? सूट कशाला दिला?"

मुलीने मॅनेजरला बोलावलं. तो नम्र माणूस, सूट-बूटवाला. म्हणाला, त्या ओळीतल्या शेवटच्या रूमचा एसी सकाळपासून गळतोय, कार्पेट भिजलंय. उरल्या दोन. बाकी हॉटेल लग्नाच्या वऱ्हाडाने भरलंय. म्हणून त्याने आपल्याकडची सगळ्यात महागडी खोली आम्हाला फुकट दिली. बुकिंगवर पहिलं नाव डिलेशचं होतं, म्हणून त्याला.

"मॅम, लोग तो अपग्रेड माँगते हैं," तो म्हणाला. बिचारा खरंच चक्रावला होता.

"हे लोक नाही मागत," मी म्हटलं. "घ्या परत."

"वापस लेकर क्या दूँ मॅम? दूसरा रूम ही नहीं है."

मी लगेच दुसऱ्या हॉटेलांना फोन लावले. लग्नाचा सीझन, सगळीकडे फुल. माझ्या मनात पहिला उपाय आला तो तुमच्याही मनात आला असेल. सूट म्हातारीला द्या, दोघे भाऊ सारखे! मी तसं सुचवताच बाई माझ्यावरच उखडल्या.

"मी सातव्या माळ्यावर एकटी जाऊन झोपू? यासाठी आली का मी एवढ्या दूर? ह्यो इकडे तोंड करीन, त्यो तिकडे, अन् मी वरून पाहू काय त्याइची टाळकी?"

मी परत काउंटरकडे वळले.

इकडे डिलेशने कार्ड काउंटरवर आपटलं. "दादाले द्या सूट. मले नाही पाहिजे."

आता तरी थोरला निवळेल, असं मला वाटलं. कसलं काय! तो अजूनच भडकला. पण बोलला मात्र भावाशी नाही. माझ्याकडे बघून बोलला.

"मॅडम, त्याले सांगा, मले त्याचं उष्टं नाही पाहिजे. वाटनीतही असंच केलं त्यानं. नकाशा आनला, मोजनीवाला आनला. कागदावर सारखं. पन त्याच्या बांध्या नहराच्या तोंडाशी, माह्या शेपटाशी. माह्याकडे पानी येईस्तोवर धान सुकून जाते. कागदावर पानी दिसते का?"

नहर म्हणजे कालवा, आणि बांधी म्हणजे धानाचा, चारी बाजूंनी पाळ घातलेला शेताचा तुकडा. आमच्याकडे जमिनीची किंमत क्षेत्रफळावर नाही, पाण्यावर ठरते. हे डिलेशला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याची मान खाली गेली होती.

"मॅडम, मी फसवलं नाही," तोही माझ्याशीच बोलला. "वकील म्हने असंच करतात."

दोन भाऊ हातभर अंतरावर, आणि मधे मी टेलिफोनची तार! माझा पारा चढला होता. शेजारून वऱ्हाडी मंडळी अत्तराचा घमघमाट सोडत जात होती. दोन्ही जावा हातात पर्स घट्ट धरून उभ्या होत्या. नातवंडं मात्र काचेच्या लिफ्टमधून वर-खाली करत खिदळत होती. त्यांचं भांडण नव्हतंच कधी.

रेवाराम दरवाज्याकडे निघाला. खरंच निघाला. दरबानाने दारही उघडलं.

"रेवा," बाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "माह्यासमोरून जाशील तं मग मले जाळालेच ये."

तो थांबला. परत फिरला नाही, पण थांबला.

बाईंनी काउंटरवरची तिन्ही कार्डं उचलली आणि सोफ्यासमोरच्या काचेच्या टेबलावर ठेवली. "डिलेश, बैस इथे. पाड वाटे."

मला आधी समजलंच नाही. मग आठवलं. खेड्यात वाटणीची जुनी रीत आहे. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. जो पाडतो त्याला उरलेला मिळतो. त्यामुळे पाडणारा आपोआप इमानदार राहतो. मोजणीवाला नको, वकील नको.

"शेताच्या टायमाले तूच पाडले अन् तूच उचलले," बाई म्हणाल्या. "आता रीतीनं पाड. दादा उचलील."

डिलेश सोफ्याच्या टोकावर बसला. त्याने सूटचं कार्ड एका बाजूला ठेवलं, एका साध्या खोलीचं दुसऱ्या बाजूला. तिसरं, म्हणजे आईच्या खोलीचं, मधे ठेवलं.

"मधे नाही," बाई म्हणाल्या. "वाटनीत वस्तू सुटी ठेवत नाहीत. माय कोनाच्या वाट्यात?"

मॅनेजर, रिसेप्शनवरची मुलगी, दरबान, सगळे बघत होते. डिलेशने आईचं कार्ड उचललं. सूटकडे नेलं. मग थांबला. तिकडे ठेवलं तर दादा सगळंच उचलणार, आणि आपल्याला फक्त एक खोली उरणार. त्याने हात मागे घेतला. कपाळ पुसलं. एसी फुल चालू होता तरी त्याला घाम आला होता. शेवटी त्याने आईचं कार्ड साध्या खोलीच्या कार्डाला लावून ठेवलं.

एका बाजूला सूट. दुसऱ्या बाजूला साधी खोली आणि माय.

"उचल रेवा."

मला सांगायला लाज वाटत नाही, मी मनात देवाला नवस बोलून मोकळी झाले होते. रेवारामने सूट उचलला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. त्याचा हक्कच होता. पण मग म्हातारीचं काय झालं असतं?

रेवाराम टेबलापाशी आला. दोन्ही वाटे नीट बघितले. मग त्याने ती दोन साधी कार्डं उचलली.

"मले सूट नव्हता पाहिजे," तो म्हणाला. या वेळी माझ्याकडे बघून नाही, टेबलाकडे बघून. "मले कोनीतरी विचारलं पाहिजे होतं. बस."

आईचा हात धरून तो लिफ्टकडे गेला. डिलेश ते सोनेरी पाकीट हातात धरून बसून राहिला. सगळ्यात महागडी खोली त्याची होती, आणि चेहरा पार उतरला होता. त्याची मला दया आली.

संध्याकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. मधलं दार उघडून रेवाराम आणि त्याची बायको तिथेच येऊन बसले होते. धारला जायची गाडी सकाळी किती वाजता लावायची ते ठरवत होतो. जेवणाचा विषय कोणी काढत नव्हतं. बाई सारख्या दाराकडे बघत होत्या. मला आतून तुटत होतं. एवढं करून हे दोन घरांचं दोन मजल्यांवर जेवण होणार, तर काय मिळवलं आपण?

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. मीच उचलला.

"मॅडम, डिलेश बोलतो. इथे जेवायचा मोठा टेबल आहे. सारे बसतील एवढा. दादाले विचारा नं, येते का."

मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "तू नको विचारू. मीही नाही विचारत. फोन त्याले दे."

मी रिसीव्हर रेवारामपुढे धरला. त्याने तो लगेच घेतला नाही. फोनमधून डिलेशचा आवाज येत होता, "हॅलो? हॅलो?" शेवटी घेतला. कानाला लावला. पलीकडून डिलेश काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण सुरुवातीला 'दादा' म्हणाला, तेवढं ऐकलं.

रेवारामने घसा खाकरला.

"भात मिळते का तिथं?" त्याने विचारलं. "का नुसत्याच पोळ्या?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मी गाडीचं काम काढून बाहेर पळाले, कारण माझ्याच्याने थांबवत नव्हतं.

पावसाळ्याआधी बाई ऑफिसात आल्या, घरच्या चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन. मी विचारलं, जमिनीचं काय झालं? "जमीन जिथे आहे तिथेच आहे बापा," त्या म्हणाल्या. "पन या खेपेस नहराचं पानी सुटन तं आधी कोनी घ्याचं, हे धाकट्यानं थोरल्याले विचारलं. घरी येऊन विचारलं." एवढं सांगून चहा न घेताच उठल्या. थोरल्याकडे धाकटा जेवायला येणार होता, भाजी घ्यायची होती.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बुकिंगच्या मेलखाली मी एक ओळ टाकते: 'विचारल्याशिवाय अपग्रेड देऊ नये.' हॉटेलवाले फोन करतात, "मॅडम, ये गलती से लिखा है क्या?"

मी म्हणते, "नाही. रूम कोणतीही द्या. पण आधी विचारा."