खुंटीवर राहिलेला तुंबा

हे मी कोणाजवळ बोललो नाही. पंथातल्या कोणाजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. बोलायची वेळ आली नाही असं नाही — ती पुष्कळदा आली. मी दुसरंच काहीतरी बोललो.

चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. आमचा पंथ एकवस्त्री. वैनगंगेच्या अलीकडे जंगलात वस्ती. बाई असो की बाप्या, अंगावर एकच जाडंभरडं पांढरं वस्त्र, डोक्यावरचे केस उतरवलेले, आणि हाक मारायची तीही एकच — माय. नांगर बायकाही धरायच्या, धान आम्हीही कांडायचो. बाजारात लोक मजा घ्यायचे. "का वो माय, दाढी लय वाढली नं तुमची," एक मीठवाला मला दर खेपेला म्हणायचा. मी हसायचो. लोकांच्या हसण्याला भिऊन मी पुढचं केलं, असं कोणी समजू नये.

ब्रह्मचर्य होतंच. पण मन बसलं तर? त्याचीही रीत होती. ओसरीवर प्रत्येकाचा पाण्याचा तुंबा खुंटीला टांगलेला असे. मन गेलं, तर सकाळी आपला तुंबा उतरवून खाली ठेवायचा. एकाच सकाळी दोघांनी उतरवले की ती जोडी. जोडीला कुंपणाबाहेर झोपडी मिळे, कसायला धानाची एक बांधी मिळे, आणि सणाला पहिलं ताट. त्यात बाई किती, बाप्ये किती, हे पंथ विचारत नसे. म्हणून आजूबाजूची गावंही विचारत नसत. पण तुंबा एकट्याचाच उतरला, तर हा दुसऱ्याच्या मनाविरुद्ध त्याच्या मागे आहे असं धरलं जाई. त्याला त्याच दिवशी वस्ती सोडावी लागे. गावातही मग कोणी त्याला दारात उभं करत नसे.

चौकशी नाही. कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. रीत वाईट नव्हती — आजही मला तिच्यात खोट दिसत नाही. खोट कुठे होती, तेच तर सांगायला बसलो आहे.

डोमा बांबू तोडणाऱ्याचा मुलगा. आम्हा दोघांची पाळी एका उखळावर. समोरासमोर उभं राहायचं, एकाचं मुसळ वर गेलं की दुसऱ्याचं खाली. त्यात फार बोलता येत नाही. बघता मात्र येतं.

"माहे बोटं फुटले त मले भात कोन चारन?" तो म्हणायचा. "तूच चारजो मंग."

धान घरात आलं की तुंबे उतरवायचे, असं आमचं ठरलं. पक्कं ना, म्हणून त्यानं एकदाच विचारलं. पक्कं, मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मोठ्या मायनं मला विहिरीपाशी बोलावलं. मोठी माय म्हणजे पंथाची गादी सांभाळणारा म्हातारा. माझ्यामागे तू बसशील का, त्यानं विचारलं. जोडीतल्या माणसाला गादी मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. मी हो म्हणालो. डोमाला का सांगितलं नाही? मला दोन्ही हवं होतं. आणि दोन्ही मिळणार नाही हे कळत असताना मी गप्प राहिलो — याहून अवघड काही त्यात नाही.

ठरल्या सकाळी डोमाचा तुंबा खाली होता. माझा खुंटीवर. आंबील पिऊन होईपर्यंत थांबायची रीत. डोमा माझ्याकडे बघून हसला — मी उशिरा उठलो, एवढंच त्याला वाटलं असणार. मी आंबील प्यालो. कटोरा धुतला.

"आनखी कोनी?" मोठ्या मायनं विचारलं.

मी कटोरा पुसत राहिलो. डोमा आता हसत नव्हता. माझं नाव त्यानं घेतलं नाही. उठला आणि गेला.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं?

काही दिवसांनी त्याची आई आली. मी उखळावर होतो.

"तुमी त्याच्या संग कांडत होते म्हन्तेत," ती म्हणाली. "पोरगा म्हन्ते, दोघं होतो. नाव काई सांगत नाई. तिकडं भावकी म्हन्ते, त्याले घरात घेऊ नोको. दोघं होते त मी घेईन जी, कोनाचं आयकनार नाई. खरं सांगा — दोघं होते का एकटाच?"

"एकटाच," मी म्हणालो. कांडायचं थांबलोही नाही.

"मंग पोराचीच चूक होय," ती म्हणाली. "तुमाले तरास झाला. माफी करा जी."

माफी तिनं माझी मागितली.

तिनं डोमाला घरात घेतलं नाही. माजरीकडे कोळशाच्या खाणीत गेला, एवढं कानावर आलं. त्यापुढचं मला माहीत नाही — मी विचारलंही नाही.

गादी मला मिळाली. आता मोठी माय मला म्हणतात. नवी माणसं आली की त्यांना तुंब्याची रीत मीच समजावतो, आणि एकट्या तुंब्याचा दाखला म्हणून डोमाचं नाव घेतो. नाव घ्यायचं नाही हीच रीत असताना घेतो. ते ऐकून माना डोलावतात.

त्याची आई अजून आहे. नजर कमी झाली आहे म्हणतात. तिनं विचारलेल्याचं खरं उत्तर मी तिला देणं लागतो. तिचं गाव सकाळी निघालं तर दुपारपर्यंत येतं. मी अजून गेलेलो नाही.